मेर्ची : फेरो बेटांचा ध्वज

उत्तर अटलांटिक महासागरात, स्कॉटलंडच्या वायव्येस, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या दरम्यान अठरा बेटांचा एक पुंजका आहे. फेरो बेटे हे त्याचे नाव. अठरा बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १४०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ५४ हजार. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम तालुक्याएवढाच हा प्रदेश. या बेटांतील कोणत्याही ठिकाणापासून समुद्र पाच किलोमीटरांहून फारसा दूर नाही. जमिनीवर वृक्ष जवळजवळ नाहीत. डोंगरउतारांवर गवत आणि त्या गवतावर चरणाऱ्या मेंढ्या. 'फेरो' या नावाचा रूढ अर्थही 'मेंढ्यांची बेटे' असाच केला जातो. शेती बेताची, आणि म्हणून जीवन सर्वस्वी समुद्रावर अवलंबून.

या बेटांपैकी अगदी दक्षिणेकडच्या सुदुरॉय बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर फाम्यिन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये दोन वस्तू आदराने जपून ठेवलेल्या आहेत. एक आहे जुन्या रून लिपीतील अक्षरे कोरलेला दगड. दुसरी वस्तू एक कापड आहे. पांढऱ्या पटावर तांबडा क्रूस आणि त्या क्रुसाला निळी किनार, एवढेच त्याचे वर्णन. परंतु फेरो बेटांच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे तेथील रहिवाशांना विचारले, तर पुष्कळांचे बोट या कापडाकडेच वळेल. त्याला ते 'मेर्ची' म्हणतात. मेर्ची म्हणजे खूण किंवा निशाण. ही खूण राजाने दिलेली नाही आणि कायद्याने निर्माण केलेली नाही. ती लोकांनी प्रथम वापरली आणि राजसत्तेने तिला मागाहून मान्यता दिली. हा क्रम कसा घडला, हेच या ध्वजाच्या कथेचे मर्म होय.

नवव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी या बेटांवर वस्ती केली. टॉर्सहावन, म्हणजे 'थॉर देवाचे बंदर', येथील खडकाळ भूशिरावर त्यांची लोकसभा भरू लागली. तिलाच पुढे लोगटिंग हे नाव मिळाले. पुढे ही बेटे नॉर्वेच्या राजाच्या सत्तेखाली गेली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वे आणि डेन्मार्क यांचे राजमुकुट एक झाले, तेव्हा बेटांचाही धनी बदलला. १८१४ साली नॉर्वे स्वीडनकडे गेला, तरी फेरो बेटे मात्र डेन्मार्ककडेच राहिली. लोगटिंगही १८१६ साली मोडीत निघाली. ती पुन्हा अस्तित्वात आली १८५२ मध्ये, आणि तीही प्रथम केवळ सल्लागार मंडळ म्हणून. व्यापाराचा मक्ता राजाचा होता; तो १८५६ पर्यंत उठला नाही. चर्चची आणि न्यायालयाची भाषा डॅनिश. घरात, होडीत आणि गाण्यात मात्र लोकांची स्वतःची फेरोई भाषा जिवंत होती.

या बेटांवर शतकानुशतके जो ध्वज फडकला तो डेन्मार्कचा. तांबड्या पटावर पांढरा क्रूस असलेल्या या ध्वजाला 'डॅनेब्रोग' म्हणतात. १२१९ सालच्या जूनमध्ये एस्टोनियातील लढाईत डॅनिश सैन्य मागे हटू लागले असता हा ध्वज आकाशातून खाली पडला आणि लढाईचा रंग पालटला, अशी आख्यायिका आहे. हाच डॅनेब्रोग भारताच्या भूमीवरही दोन शतकांहून अधिक काळ फडकत होता. तंजावरच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे १६२० पासून आणि बंगालमधील श्रीरामपूर येथे १७५५ पासून डेन्मार्कची ठाणी होती. १८४५ साली ती इंग्रजांना विकण्यात आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून विल्यम कॅरी व त्याचे सहकारी श्रीरामपुरात डॅनिश ध्वजाच्या आश्रयाला राहिले, आणि कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले. मराठी मुद्रणाच्या इतिहासातील एक आरंभीचे पान अशा रीतीने डॅनेब्रोगच्या छायेत लिहिले गेले आहे.

परंतु ध्वजाची छाया जशी आश्रय देते तशीच ती संकटही ओढवून आणते. नेपोलियनच्या युद्धात १८०७ साली डेन्मार्क इंग्लंडच्या विरुद्ध पक्षात गेला. त्याचा परिणाम म्हणून १८०८ च्या आरंभीच इंग्रजांनी श्रीरामपूर आणि तरंगंबाडी ताब्यात घेतली. त्याच वेळी, हजारो मैल दूर असलेल्या फेरो बेटांकडे येणारी धान्याची जहाजे बंद पडली. या युद्धाशी बेटांवरील कोळ्या-मेंढपाळांचा कोणताही संबंध नव्हता. तरीही त्यांच्या चुली थंडावल्या. धान्य मिळविण्यासाठी नोल्सोयर पॉल नावाचा त्यांचा एक धाडसी नाविक लंडनपर्यंत गेला, आणि १८०८-०९ च्या हिवाळ्यात परतीच्या वाटेवर समुद्रात नाहीसा झाला. आपल्या जहाजावर कोणाचा ध्वज आहे, हा प्रश्न या बेटांना प्रथमपासूनच मानापेक्षा अन्नाचा आणि प्राणाचा होता. पुढील कथा समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

हा नोल्सोयर पॉल कवीही होता. त्याने एक दीर्घ पक्षिकाव्य रचले. त्यात मक्तेदार आणि अधिकारी हे शिकारी पक्षी झाले आहेत, आणि तांबड्या चोचीचा च्याल्दुर नावाचा समुद्रपक्षी लहान पाखरांना त्यांच्यापासून सावध करतो. तेव्हापासून च्याल्दुर हा बेटांचा लाडका पक्षी ठरला. दुसरे जुने चिन्ह म्हणजे एडका. त्यामुळे बेटांचा स्वतःचा म्हणून काही ध्वज असावा असे लोकांच्या मनात येऊ लागले, तेव्हा ही दोन्ही चिन्हे निशाणांवर रेखाटली गेली. पण ती सर्वमान्य झाली नाहीत. दूरवरून येणाऱ्या जहाजावरचा पक्षी वा एडका ओळखू येणे कठीण; आणि शेजारची राष्ट्रे तर क्रुसाच्या ध्वजांखाली उभी होती.

मध्यंतरी भाषेने आपले काम चालू ठेवले होते. १८४६ साली हामर्सहाइम्ब या धर्मोपदेशकाने फेरोई भाषेची लेखनपद्धती ठरविली. १८८८ च्या नाताळात टॉर्सहावन येथे एक सभा भरली आणि फेरोई भाषा व चालीरीती यांच्या रक्षणाचा निर्धार तेथे झाला. १९०६ साली दोन पक्ष उभे राहिले. एकाला डेन्मार्कशी असलेले नाते जसेच्या तसे हवे होते, तर दुसऱ्याला स्वराज्य. याच सुमारास शेजारी देशांत घडामोडी चालू होत्या. नॉर्वे १९०५ साली स्वीडनपासून वेगळा झाला. १ डिसेंबर १९१८ रोजी आइसलंडला डॅनिश राजाच्या मुकुटाखाली सार्वभौम राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याचा ध्वजही अधिकृत झाला.

कोपनहेगन येथे शिकत असलेल्या फेरोई विद्यार्थ्यांच्या मनावर या घटनेचा परिणाम न होता तरच नवल. येन्स ओलिवर लिसबर्ग हा फाम्यिनचा तरुण त्यांच्यापैकी एक. १९१९ साली त्याने व त्याच्या दोन सहाध्यायांनी एका नव्या ध्वजाची आखणी केली. त्यांनी केलेली निवड साधी होती, पण तिच्यामागे विचार होता. नॉर्वेच्या ध्वजात तांबडा पट आणि पांढऱ्या किनारीचा निळा क्रूस असतो. आइसलंडच्या ध्वजात निळा पट आणि पांढऱ्या किनारीचा तांबडा क्रूस असतो. तेच तीन रंग घेऊन या तरुणांनी पट पांढरा केला, क्रूस तांबडा ठेवला आणि त्याला निळी किनार दिली. एकाच घरातील भावंडांनी एकाच रंगाच्या सुतातून वेगवेगळी वस्त्रे विणावीत, तसे हे तीन ध्वज दिसतात. नॉर्वे ही पूर्वजांची भूमी आणि आइसलंड ही भाषेने व इतिहासाने सख्खी बहीण. त्या दोघांशी असलेले नाते रंगांनी सांगितले. क्रुसाचा आकार मात्र ज्या ध्वजापासून वेगळे व्हावयाचे होते त्या डॅनेब्रोगच्याही कुळातला. क्रुसाची उभी पट्टी मध्यावर न ठेवता काठीच्या बाजूला सरकविण्याची उत्तर युरोपातील रीत येथेही पाळलेली आहे.

ध्वजाचे आजचे प्रमाण मोठे सुबक आहे. त्याची रुंदी सोळा भाग आणि लांबी बावीस भाग. तांबडी पट्टी दोन भागांची, तिच्या दोन्ही अंगांची निळी किनार प्रत्येकी एका भागाची. काठीजवळचे दोन पांढरे चौरस सहा भागांचे. पलीकडचे दोन पांढरे आयत सहा भाग उंच व बारा भाग लांब, म्हणजे चौरसांच्या नेमके दुप्पट. शिंप्याला वा खलाशाला हे गणित एकदा सांगितले की पुन्हा चुकण्याचे कारण नाही.

रंगांचा अर्थही लोकांनी आपल्या परिसरातूनच लावला. पांढरा पट हा किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा फेस आणि धुके विरल्यानंतर दिसणारे निर्मळ आकाश. तांबडा आणि निळा हे रंग बेटांवरील परंपरागत पेहरावात, विशेषतः पुरुषांच्या टोप्यांत पूर्वापार आढळणारे. वाऱ्याने झोडपलेल्या त्या भूमीत निरभ्र, उजळ आकाशाचा दिवस हा उत्सवाचा दिवस असतो. लाटा तर रोजच्याच, उपजीविकाही देणाऱ्या आणि प्राणही घेणाऱ्या. एकाच पांढऱ्या पटात हा आनंद आणि ती भीती दोन्ही सामावली आहेत.

लिसबर्ग सुटीत गावी आला तेव्हा त्याने हा ध्वज बरोबर आणला. २२ जून १९१९ रोजी फाम्यिन येथे एक लग्न होते. त्या लग्नाच्या दिवशी मेर्ची आपल्या भूमीवर पहिल्यांदा फडकला. योगायोग असा की डॅनेब्रोग आकाशातून पडल्याच्या आख्यायिकेला त्याच जून महिन्यात बरोबर सातशे वर्षे पुरी झाली होती. एका ध्वजाच्या जन्मकथेत रणांगण, राजा आणि दैवी चमत्कार आहे. दुसऱ्याच्या जन्मकथेत एक खेडे, तीन विद्यार्थी आणि एक लग्नघर आहे. ध्वजाच्या भाग्योदयाचे दिवस पाहणे मात्र लिसबर्गच्या नशिबी नव्हते. १९२० च्या ऑगस्टअखेर त्या काळच्या इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीत त्याचा अंत झाला. त्याला तेव्हा चोविसावे वर्ष चालू होते.

यानंतरची वीस वर्षे ध्वज लोकांत होता, पण कायद्यात नव्हता. घरांवर, सभांत आणि उत्सवांत तो दिसू लागला; सरकारी इमारतींवर आणि जहाजांच्या डोलकाठीवर मात्र डॅनेब्रोगच राहिला. नव्या ध्वजाला सर्वच बेटवासी आपला मानत होते असेही नव्हे. डेन्मार्कशी असलेले नाते टिकावे अशी इच्छा असणाऱ्यांना तो एका पक्षाचा ध्वज वाटे. १९३० च्या जुलै महिन्यातील ओलाव्सोका या राष्ट्रीय उत्सवात लोगटिंगच्या इमारतीवरील डॅनेब्रोग काही जणांनी खाली उतरविला, आणि त्यावरून मोठे वादंग माजले. १९२३ सालचा नागपूरचा झेंडा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा प्रसंगाची तीव्रता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. राज्यकर्त्यांना जे केवळ कापड वाटते किंवा केवळ बंड वाटते, ते लोकांना आपले नाव वाटत असते.

हा वाद कदाचित आणखी बरीच वर्षे चालला असता. त्याचा निकाल लागला तो सभागृहात नव्हे, समुद्रावर. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. चारच दिवसांनी ब्रिटिश सैन्य फेरो बेटांवर उतरले आणि बेटांचा डेन्मार्कशी असलेला संबंध युद्ध संपेपर्यंत तुटला. आता एक विलक्षण पेच उभा राहिला. बेटांची मासेमारी जहाजे डॅनेब्रोग लावून हिंडत होती, आणि डेन्मार्क तर शत्रूच्या हाती गेलेला. समुद्रावर दूर दिसणाऱ्या जहाजाविषयी युद्धनौकेच्या कप्तानाला एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते. हे जहाज कोणाचे? शत्रूव्याप्त देशाचा ध्वज लावलेले जहाज आपलेच आहे, हे त्याने कसे ओळखावे? १८०८ साली जो प्रश्न बेटांपुढे उभा राहिला होता तोच १३२ वर्षांनी नव्या रूपात पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र त्याचे उत्तर तयार होते. ते एकवीस वर्षांपूर्वी फाम्यिनमध्ये फडकलेले होते.

बेटांवरील डॅनिश प्रशासनप्रमुखाला हे पसंत नव्हते. राजाच्या मुलखात राजाचाच ध्वज असला पाहिजे, ही त्याची भूमिका कायद्याच्या दृष्टीने असमंजस म्हणता येणार नाही. परंतु जहाजे थांबू शकत नव्हती आणि ब्रिटिश नौदलालाही निःसंदिग्ध खूण हवी होती. २५ एप्रिल १९४० रोजी, फेरोई जहाजांनी यापुढे फेरोई ध्वज लावावा, ही घोषणा लंडनहून बीबीसीने प्रसृत केली. एखाद्या ध्वजाच्या मान्यतेची वार्ता नभोवाणीवरून त्याच्या लोकांच्या घराघरांत पोहोचावी, हा त्या काळातही नवलाचाच प्रसंग होता. जहाजांच्या बाजूंवर ध्वजाचे चित्र आणि बेटांचे नाव ठळक रंगविण्यात आले. ज्या चिन्हाला कायद्याने दोन दशके स्थान दिले नव्हते, ते चिन्ह आता खलाशांचा परवाना झाले.

या मान्यतेची किंमत फार मोठी होती. युद्धकाळात ब्रिटनच्या मासेमारी नौका मोठ्या संख्येने नौदलाच्या कामाला लागल्या होत्या आणि देशाला अन्नाची नड होती. फेरोई खलाशी आइसलंडच्या बंदरांतून मासळी घेऊन स्कॉटलंड-इंग्लंडच्या बंदरांत पोहोचवू लागले. त्यांची जहाजे बहुधा लहान. कित्येक तर ब्रिटनमधूनच जुनी म्हणून विकत घेतलेली लाकडी गलबते. वाटेवर पाणसुरुंग, पाणबुड्या आणि आकाशातून बाँब टाकणारी विमाने. या वाहतुकीत आणि मासेमारीत दोनशेहून अधिक फेरोई खलाशी प्राणांस मुकले. त्या वेळी बेटांची संपूर्ण लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. जवळजवळ प्रत्येक गावातल्या कोणा ना कोणा घरात कोणी परत आले नाही. तोपर्यंत जो ध्वज एका पक्षाचा मानला जात होता, त्याच्याखाली आता सर्वच पक्षांची मुले बुडाली होती. त्यानंतर तो कोणत्याही पक्षाचा राहणे शक्य नव्हते.

युद्ध संपले, ब्रिटिश सैन्य निघून गेले आणि डेन्मार्कची सत्ता परत आली. पण मधली पाच वर्षे पुसली जाणार नव्हती. १४ सप्टेंबर १९४६ रोजी बेटांवर सार्वमत घेण्यात आले आणि थोड्याशा मताधिक्याने कौल स्वातंत्र्याच्या बाजूने पडला. डेन्मार्कच्या राजाने लोगटिंग विसर्जित केली. नव्या निवडणुकीत डेन्मार्कशी संबंध ठेवू इच्छिणाऱ्यांचे बहुमत झाले आणि वाटाघाटींतून मध्यममार्ग निघाला. २३ मार्च १९४८ च्या स्वराज्य कायद्याने फेरोई ही बेटांची प्रमुख भाषा ठरली आणि मेर्चीला फेरो बेटांचा ध्वज म्हणून मान्यता मिळाली. डेन्मार्कच्या सरकारची जी कार्यालये बेटांवर आहेत त्यांच्यावर डॅनेब्रोग राहावा, असेही ठरले. एकाच गावात दोन ध्वज दिसतात, आणि कोणत्या इमारतीवर कोणता आहे यावरून तेथे कोणाचा कारभार चालतो हे समजते. १९५९ साली निळ्या रंगाची छटा पूर्वीपेक्षा उजळ करण्यात आली. त्यामुळे नॉर्वे व आइसलंड यांच्या गडद निळ्यापासून हा निळा आज चटकन वेगळा ओळखता येतो.

२५ एप्रिल हा दिवस बेटांवर ध्वजदिन म्हणून पाळला जातो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ध्वजदिनासाठी लोकांनी स्वराज्य कायद्याची तारीख निवडली नाही, किंवा फाम्यिनच्या त्या लग्नाचीही निवडली नाही. ज्या दिवशी या ध्वजाने जहाजांवर चढून पहारा सुरू केला, तोच दिवस त्यांनी स्मरणासाठी घेतला.

ध्वजाला मान्यता मिळाली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. फेरो बेटे हे आजही सार्वभौम राष्ट्र नाही. परराष्ट्रसंबंध आणि संरक्षण हे विषय मुख्यतः डेन्मार्ककडे आहेत. या मर्यादेची रेषा सर्वांत स्पष्ट दिसते ती क्रीडांगणावर. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने फेरो बेटांना १९८८ साली सदस्य करून घेतले. १२ सप्टेंबर १९९० रोजी त्यांच्या संघाने आपल्या पहिल्याच अधिकृत स्पर्धात्मक सामन्यात ऑस्ट्रियाचा १-० असा पराभव केला. बेटांवर तेव्हा गवताचे योग्य मैदान नसल्यामुळे हा 'घरचा' सामना स्वीडनमधील लॅन्सक्रोना येथे खेळावा लागला होता. त्या दिवशी युरोपातील पुष्कळांनी तांबड्या-निळ्या क्रुसाचा हा पांढरा ध्वज प्रथमच पाहिला. ऑलिंपिकमध्ये मात्र हा ध्वज नाही. पॉल योएन्सेन हा फेरोई जलतरणपटू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला तो डेन्मार्कच्या ध्वजाखाली. गंमत अशी की दिव्यांगांच्या पॅरालिंपिक स्पर्धेत हीच बेटे १९८४ पासून स्वतःच्या ध्वजाखाली भाग घेत आली आहेत. एकाच माणसाला एका दारातून स्वतःच्या नावाने आत जाता यावे आणि शेजारच्या दारातून दुसऱ्याच्या नावाने, तसा हा प्रकार आहे.

ध्वजाविषयी बोलताना रंगांचे अर्थ सांगितले की काम संपले, असे आपण पुष्कळदा मानतो. तांबडा शौर्याचा, पांढरा शांतीचा, निळा आकाशाचा. हे अर्थ खोटे नसतात; पण जगात तांबडे, निळे आणि पांढरे ध्वज पुष्कळ आहेत, आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला लावता येतो. ध्वजाचा खरा अर्थ त्याच्याखाली लोकांनी जे केले आणि जे सोसले त्यातून भरत जातो. फाम्यिनच्या लग्नात फडकला त्या दिवशी मेर्ची हे तीन तरुणांचे स्वप्न होते. पुढची वीस वर्षे तो वादाचा विषय होता. अटलांटिकच्या थंड पाण्याने त्याला एका संपूर्ण लोकसमूहाची खूण बनविले.

फाम्यिनच्या चर्चमधील ते कापड आता डोलकाठीवर चढत नाही. त्याच्याशेजारच्या दगडावर कोणा अज्ञात हाताने, जुनी लिपी विसरली जाण्यापूर्वी, काही अक्षरे कोरून ठेवली आहेत. दोन्ही वस्तू एकच गोष्ट सांगतात. लहान लोकसमूहालाही आपली खूण मागे ठेवावीशी वाटते. आणि बाहेर बंदरात, पहाटे मासेमारीला निघणाऱ्या बोटीच्या काठीवर, त्याच कापडाची नवी प्रत वाऱ्यावर उलगडत असते. समोरून येणाऱ्या जहाजाने विचारलेल्या त्या जुन्या प्रश्नाला ती शब्दावाचून उत्तर देते : हे जहाज फेरो बेटांचे आहे.